घाव घालावा की हात बांधावेत?

व्याख्यानाचे शीर्षक पुतणीने आयोजकांना आधीच कळवून टाकले होते : ‘विषयुगाचा अस्त’. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ती कर्करोगाच्या औषधांवर बोलणार होती. काकांनी लॅपटॉपवर पहिली स्लाइड पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “अस्त झाला? कधी? आम्हाला कुणी कळवलं नाही ते.”

काकांना विचारण्याचा हक्क होता. त्यांची सगळी नोकरी मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयाच्या औषध विभागात गेली. गाऊन चढवायचा, हातात दोन-दोन ग्लोव्हज घालायचे, गाळलेल्या हवेच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये केमोची इंजेक्शने मोजून सलाईनमध्ये मिसळायची आणि लेबल लावून वॉर्डात पाठवायची, हे त्यांचे रोजचे काम. पुतणी पुण्यात एन्झाइमांना अडवणारे रेणू घडवते. वाद व्हायला एवढे पुरेसे होते.

“काका, तुमच्या कपाटातली कितीतरी औषधं थेट डीएनएवर घाव घालतात,” ती म्हणाली. “समोरची पेशी गाठीतली आहे की केसाच्या मुळाशी असलेली, हे त्यांना कळतच नाही. आणि ती आली कुठून? रणांगणातून. मस्टर्ड गॅसपासून.”

“कुठे जन्माला आलं यावरून माणसाचीसुद्धा पारख करू नये. औषधाची कशाला करतेस?”

बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस पहिल्यांदा वापरला. कातडीवरचे फोड आणि होरपळलेली फुफ्फुसे सगळ्यांनी पाहिली. रक्तात काय घडते ते मात्र १९१९ मध्ये एडवर्ड आणि हेलन क्रुंभार या दांपत्याने लिहिले : पांढऱ्या पेशी घटत होत्या आणि त्या जिथे तयार होतात ती अस्थिमज्जाच उजाड झाली होती.

“पांढऱ्या पेशी मारणारी वस्तू पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगावर वापरून बघावी, हे सुचून अमलात यायला तेवीस वर्षं गेली,” काका म्हणाले. “आणि तुझ्या स्लाइडवर आधी बारी बंदर आलंय, मग येल विद्यापीठ. क्रम उलटा कर.”

ही चूक पुष्कळ ठिकाणी आढळते, कारण बारीची गोष्ट अधिक नाट्यमय आहे. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतल्या या बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तिथे नांगरलेल्या ‘जॉन हार्वी’ या अमेरिकी जहाजात मस्टर्ड गॅसचे सुमारे दोन हजार बॉम्ब गुपचूप ठेवलेले होते. सहाशेहून अधिक सैनिक आणि खलाशी त्या विषाने भाजून इस्पितळात आले, त्यांतले ८३ दगावले, आणि स्ट्यूअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टरांनी त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्याची नोंद केली. पण त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९४२ मध्ये, येलमध्ये लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या देखरेखीखाली लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड हे मस्टर्ड गॅसचे भावंड टोचले गेले होते. त्याच्या गाठी बघता बघता ओसरल्या, पुन्हा उगवल्या, आणि डिसेंबरात तो गेला. युद्धाच्या गुप्ततेमुळे हे छापून यायला १९४६ उजाडले.

गाठी का ओसरल्या, हा प्रश्न पुतणीच्या विषयाचा. नायट्रोजन मस्टर्डच्या रेणूला टोकाशी क्लोरीन असलेल्या दोन भुजा असतात. मधल्या नायट्रोजनकडची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी जवळच्या कार्बनवर चाल करते, क्लोरीन निघून जातो आणि तीन अणूंचे एक ताणलेले कडे बनते. ते फुटायला टपलेले असते. डीएनएमधल्या ग्वानीनचा सातव्या स्थानावरचा नायट्रोजन इलेक्ट्रॉनांनी समृद्ध. तो कडे फोडतो आणि त्या नादात रेणू स्वतःला जोडून घेतो. मग दुसऱ्या भुजेचेही तेच होते. दोन्ही भुजा डीएनएच्या समोरासमोरच्या धाग्यांवर पडल्या, तर दोन धाग्यांमध्ये आडवा बंध तयार होतो. एकूण जखमांत असे बंध थोडेच असतात. परंतु विभाजनाआधी पेशीला दोन्ही धागे सुटे करावेच लागतात, आणि नेमके तेच आता जमत नाही.

“यात निवड कुठे आहे?” पुतणीने विचारले. “जिथे ग्वानीन, तिथे घाव.”

“निवड घाव घालण्यात नसेल, घाव सोसण्यात असते,” काका म्हणाले. “सायक्लोफॉस्फमाइडचंच बघ. १९५८ मध्ये जर्मनीत नॉर्बर्ट ब्रॉक यांच्या गटानं मस्टर्डच्या भुजा रेणूत बांधून टाकल्या. त्यांचा हिशोब असा, की गाठीतली एन्झाइमं त्या मोकळ्या करतील आणि विष तिथल्या तिथेच पसरेल.”

“आणि हिशोब चुकला. त्या मोकळ्या होतात यकृतात.”

“चुकला. तरी औषध चाललं. का? यकृतातून निघालेलं अर्धवट औषध सगळीकडे जातं, पण काही पेशींकडे अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज भरपूर असतं. ते त्याला वाटेतच निरुपद्रवी करतं. रक्ताच्या मूळ पेशी त्यांतल्याच. म्हणून तर निम्म्याच जुळणाऱ्या दात्याची अस्थिमज्जा दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेच औषध देतात. अंगावर उठलेल्या लढाऊ पेशी मरतात, मूळ पेशी तगतात. तुझ्या आंधळ्या विषाला एवढं समजतं.”

पुतणीने मुद्दा सोडला नाही. समज औषधाची नव्हे, एन्झाइमची होती, असे तिने बजावले. शिवाय त्याच विघटनात ॲक्रोलीन नावाचे दुसरे विष सुटते, ते लघवीत उतरते आणि मूत्राशयातून रक्त येते. “त्यासाठी मेस्ना देतो आम्ही, ॲक्रोलीनला बांधून टाकायला,” काकांनी उत्तर दिले. एका औषधामागे त्याची राखण करणारे दुसरे औषध धाडण्याची ही रीत पुतणीला पटणारी नव्हती.

काकांचे लाडके उदाहरण अजून यायचे होते. १८४४ मध्ये मिकेले पेरोने यांनी बनवलेले प्लॅटिनमचे एक साधे संयुग शंभरावर वर्षे पुस्तकात पडून होते. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम तपासत होते. ई. कोलाय हे जिवाणू विभागले जाईनात, नुसतेच लांबत गेले. नेहमीच्या लांबीच्या तीनशे पटींपर्यंत. कारण वीज नव्हतीच. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून झिरपलेली संयुगे हा खेळ करत होती. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डिसेंबर १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

“सिस्प्लॅटिन आम्ही सलाईनमध्येच का मिसळायचो, साध्या पाण्यात का नाही, हे तुझ्या विद्यार्थ्यांना विचार,” काका रंगात आले. “प्लॅटिनमला दोन क्लोराइड लटकलेले असतात. मिठाच्या पाण्यात क्लोराइडची गर्दी असते, म्हणून ते सुटत नाहीत. रक्तातही तसंच. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी. तिथे ते गळून पडतात, त्यांच्या जागी पाणी बसतं आणि मग प्लॅटिनम डीएनए शोधायला मोकळं. आणि सुई ॲल्युमिनियमची वापरायची नाही. प्लॅटिनम त्यावर काळं होऊन बसतं, औषध गेलं वाया.”

सिस्प्लॅटिन बहुतेक वेळा एकाच धाग्यावरच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन ग्वानीनांना पकडते. डीएनए तिथे वाकतो. निरोगी पेशी हा वाकलेला तुकडा कापून नवा बसवू शकते. अंडकोषाच्या कर्करोगाच्या पेशींना हे काम नीट येत नाही; कापाकापी करणारी त्यांची प्रथिने तोकडी पडतात. १९७४ मध्ये इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनसोबत आणखी दोन औषधे देऊन पाहिली, आणि अंगभर पसरलेला हा आजार, ज्यात पूर्वी फार थोडे जण वाचत, आज दहापैकी सुमारे आठ जणांत कायमचा बरा होतो.

“तीन-चार फेऱ्या झाल्या, की तो पोरगा कॉलेजात परत,” काका म्हणाले. “आयुष्यभर गोळी नाही.”

“त्याच्या कानांचं, मूत्रपिंडांचं काय?”

“मूत्रपिंडांसाठी आधी आणि नंतर भरपूर सलाईन. कानांवर तोड नाही, हे मान्य. आणि मस्टर्ड घराण्यातल्या औषधांनंतर काही वर्षांनी काही जणांना रक्ताचा कर्करोग होतो, हेही तू सांगायच्या आधी मीच सांगतो.”

आता पाळी पुतणीची होती. तिची कथा मुंबईत, परळला सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर गर्भवती स्त्रियांमधला जीवघेणा पंडुरोग अभ्यासायला इथे आल्या. त्यांच्या रुग्णांत गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका होत्या. हाफकिन संस्थेत माकडांवर प्रयोग झाले आणि अखेर यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, दिल्यावर या बायकांचे रक्त भरून आले. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. अर्कातला तो घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला आणि चाळीसच्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तो प्रयोगशाळेत बनवला.

“बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लाचे प्रकार ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिले. आजार उलट भडकल्यासारखा वाटला,” पुतणी सांगू लागली. “मग त्यांनी नेमकं उलट केलं. सुब्बारावांच्या गटाकडून फॉलिक आम्लाची नक्कल मागवली, ॲमिनोप्टेरिन. जून १९४८ च्या शोधनिबंधात सोळा मुलं आहेत. त्यांतल्या दहांना उतार पडला. तात्पुरता, पण तोवर कुणालाच कशानं पडला नव्हता. इथे डीएनएला कुणी हात लावलेला नाही. एका एन्झाइमचे हात बांधले, बस्स.”

ते एन्झाइम म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. थायमिनचा कच्चा माल बनवताना फोलेट एक कार्बन देते आणि स्वतः निकामी होते; त्याला पुन्हा कामाला जुंपणारे हे एन्झाइम. ॲमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट फोलेटपेक्षा एका ऑक्सिजनच्या जागी असलेल्या अमिनो गटाने आणि एका मिथाइल गटाने वेगळे आहे. एवढ्या फरकाने ते एन्झाइमच्या खोबणीत खऱ्या फोलेटपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट बसते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी याच औषधाने वारेपासून उद्भवणारा, फुफ्फुसांत पसरलेला कर्करोग बरा करून दाखवला.

काका हसले. “एन्झाइमचे हात बांधल्यावर पेशी मरते कशानं, ते सांग ना.”

“थायमिन संपतं म्हणून.”

“संपलं तर काम थांबेल. मरेल कशाला? थायमिन नाही म्हणून डीएनए बनवणारं यंत्र त्या जागी युरॅसिल बसवतं. दुरुस्ती करणारं एन्झाइम येतं, युरॅसिल कापून काढतं. भरायला पुन्हा थायमिन नाही, पुन्हा युरॅसिल. पुन्हा काप. असं करता करता धागा तुटतो. बाई गं, शेवटी तुटतं ते डीएनएच.”

हे तिला ठाऊक होते. काकांना ठाऊक असेल असे वाटले नव्हते. तिने इमॅटिनिब पुढे केले, कारण तिथे ही पळवाट नाही.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट रॉली यांनी दाखवून दिले, की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली आहे. या सांध्यावर जन्मणारे बीसीआर-एबीएल हे एन्झाइम एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून फॉस्फेट घेऊन दुसऱ्या प्रथिनांना लावत सुटते, आणि पेशीला ‘वाढ’ हा एकच हुकूम सतत मिळत राहतो. इमॅटिनिब एटीपीची जागा अडवते आणि एन्झाइमला त्याच्या निष्क्रिय आकारातच जखडून ठेवते. निकोलस लायडन यांच्या रसायनज्ञांनी रेणू घडवला, ब्रायन ड्रुकर यांनी तो रुग्णांपर्यंत नेला, मे २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनीही हयात होते. केस गेले नाहीत, वॉर्डात भरती व्हावे लागले नाही.

“याला नाव ठेवा आता,” पुतणी म्हणाली.

“नाव कशाला ठेवू? ही गोळी मी स्वतः वाटली आहे. पण ती रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. ज्यांच्यात आजाराचा मागमूसही उरत नाही, अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीत ती थांबवली, तर निम्म्यांच्या आसपास लोकांत तो परत येतो. आणि एन्झाइमनं एक अमिनो आम्ल बदललं की तुझा बांध फुटतो.”

बदल खरोखरच एवढासा असतो. साखळीतल्या ३१५ व्या जागी थ्रिओनिन असते, तिथे आयसोल्युसिन येते. इमॅटिनिबला धरणारा हायड्रोजन बंध जातो आणि वर जागाही अडते. त्यावर पोनॅटिनिब आले; त्याच्या रेणूत सरळसोट तिहेरी बंध ठेवला, म्हणजे त्या अडथळ्याशेजारून ते आत सरकेल. २०१२ मध्ये मान्यता मिळाली, आणि वर्षभरातच रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात म्हणून अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली.

“नेमकं औषध!” काका म्हणाले. “आणि किंमत? ग्लिव्हेकचा, म्हणजे नोव्हार्टिस कंपनीच्या इमॅटिनिबचा, महिन्याचा खर्च तेव्हा एक लाख वीस हजारांच्या घरात होता, आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्या पेटंटविरुद्ध शेवटपर्यंत लढली. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा दावा फेटाळला नसता, तर तुझं नेमकं औषध नेमक्याच लोकांना मिळालं असतं.”

यावर दोघांचे एकमत झाले, म्हणून तो विषय तिथेच संपला.

पुतणीकडे एक स्लाइड उरली होती, आणि ती नेमकी कोणत्या गटात घालावी हे तिलाही ठरवता आले नव्हते. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्यासोबत वनस्पतींमधली औषधी द्रव्ये शोधत होते. टॅक्सॉल हा या जोडीचा गाजलेला शोध. त्याआधी, १९६६ मध्ये, त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळे काढले होते. सातारा जिल्ह्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे : सह्याद्रीत, महाबळेश्वराच्या रानात वाढणाऱ्या नरक्या या झाडातही तेच द्रव्य असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे त्या लाकडासाठी चोरटी तोड सुरू झाली.

“सत्तरच्या दशकात त्याच्या चाचण्या फसल्या,” पुतणी म्हणाली. “रेणूतलं लॅक्टोन कडं बंद असेल तरच ते काम करतं. पाण्यात विरघळावं म्हणून डॉक्टरांनी सोडियमचा क्षार वापरला, त्यात कडं उघडलेलं. गाठीवर परिणाम बेताचा. लघवीतल्या आम्लात मात्र ते कडं पुन्हा मिटायचं आणि मूत्राशय सोलून निघायचा. औषध बासनात गेलं. १९८५ मध्ये कळलं, की त्याचं लक्ष्य टोपोआयसोमरेज एक आहे.”

डीएनएची प्रत काढताना पुढच्या भागात पीळ साठत जातो. हे एन्झाइम एक धागा कापते, तुटके टोक आपल्या टायरोसिनला जोडून धरते, पीळ उलगडू देते आणि धागा पुन्हा जोडून निघून जाते. शिंप्याने शिवण उसवावी आणि परत घालण्याआधी तिथे कुणी पाचर ठोकावी, तसे कॅम्पटोथेसिन नेमके त्या फटीत शिरते. धागा जोडला जात नाही, एन्झाइम सुटत नाही. मागून प्रत काढणारे यंत्र येते, त्या अडकलेल्या जागी आदळते आणि डीएनएचे दोन्ही धागे तुटतात.

“म्हणजे हे माझ्या बाजूचं,” काका म्हणाले. “डीएनए तोडणारं.”

“औषध डीएनएशी रासायनिक बंध करत नाही. ते एन्झाइमला अडवतं. माझ्या बाजूचं.”

“मग एन्झाइमच काढून टाकलं तर? पेशी मरायला हवी.”

“तोच प्रयोग १९८८ मध्ये झाला,” पुतणी थांबत म्हणाली. “यीस्टमधून हे एन्झाइम काढून टाकलं. यीस्ट जगलं. आणि त्याच्यावर कॅम्पटोथेसिनचा काहीही परिणाम होईना.”

या एका प्रयोगाने दोघांच्याही मांडणीला तडा जातो. एन्झाइम बंद पडल्याने पेशी मरत असती, तर ते नसल्यानेही मेली असती. इथे एन्झाइम हजर असेल तरच औषध मारते, आणि जितके जास्त एन्झाइम तितके जास्त मारते. अडवलेले एन्झाइमच घाव होऊन बसते. घाव घालणारी औषधे आणि एन्झाइम अडवणारी औषधे असे दोन कप्पे पाठ्यपुस्तकात सोयीचे असतील. पेशीच्या दृष्टीने प्रश्न एकच उरतो, झालेली मोडतोड वेळेत दुरुस्त होते का.

या द्रव्यापासून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. इरिनोटेकान काकांच्या हाताखालून भरपूर गेले होते. “त्याचं विष यकृत निकामी करून आतड्यात सोडतं,” ते म्हणाले, “आणि आतड्यातले जिवाणू ते पुन्हा जागं करतात. जुलाब असे, की माणूस आडवा. काहींच्या यकृतात ते निकामी करणारं एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांना डोस कमी लागतो. म्हणजे गाठीतलं नव्हे, रुग्णाचं एन्झाइमही बघावं लागतं.”

पुतणीला आता काकांच्याच वाटेने पुढे जाता आले. पार्प हे एन्झाइम एका धाग्याची तूट शोधते आणि दुरुस्तीची माणसे बोलावते. बीआरसीए जनुक बिघडलेल्या गाठीत दोन्ही धाग्यांची तूट अचूक सांधण्याची यंत्रणा आधीच मोडलेली असते. २००५ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवले, की अशा पेशींत पार्पही अडवले तर त्या जगत नाहीत, ज्यांचे बीआरसीए शाबूत, त्या तगतात. यातून आलेले ओलापॅरिब २०१४ मध्ये मान्य झाले. बीआरसीए बिघडलेल्या, बीजांडकोशाच्या पुढारलेल्या कर्करोगात पहिल्या उपचारानंतर ते दिलेल्या स्त्रियांपैकी सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या. नुसती लुटुपुटीची गोळी मिळालेल्यांत ४६.५ टक्के.

“पहिला उपचार कुठला होता?” काकांनी विचारले.

“प्लॅटिनमचा.”

“हं.”

“आणि २०१२ मध्ये लक्षात आलं, की ही औषधं पार्पला नुसतं बंद करत नाहीत, डीएनएवर अडकवूनही ठेवतात. कॅम्पटोथेसिनसारखंच. थोड्या रुग्णांना त्यातून पुढे रक्ताचा कर्करोगही होतो.” हे तिने काका बोलण्याआधीच सांगून टाकले.

तरीही घाव नेमक्या पत्त्यावर पोहोचवता येतो, हा तिचा हट्ट कायम होता. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान या औषधात काही गाठींच्या पेशींवर आढळणाऱ्या हर-टू प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे असतात आणि प्रत्येकाला कॅम्पटोथेसिनच्या कुळातले सुमारे आठ रेणू लटकवलेले असतात. २०१९ अखेरीस त्याला मान्यता मिळाली. मधला दुवा चार अमिनो आम्लांचा. रक्तात टिकतो, पेशीच्या आत कॅथेप्सिन ही एन्झाइमे तो तोडतात. सुटलेले विष शेजारच्या पेशींतही झिरपते, म्हणून हर-टू अगदी कमी असलेल्या, पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगातही त्याचा उपयोग झाला. २०२२ च्या चाचणीत नेहमीच्या केमोवर रुग्ण मध्यकानुसार १६.८ महिने जगले, यावर २३.४ महिने.

“त्याच चाचणीत फुफ्फुसाला सूज किती जणांना आली?” काकांचा प्रश्न तयार होता.

“बारा टक्क्यांना.”

“म्हणजे साधा खोकला आला तरी स्कॅन काढायचा आणि औषध थांबवायचं. मी म्हणतो, दुवा अजून घट्ट करा. शेजारी काही झिरपायलाच नको.”

“घट्ट केला तर हर-टू नसलेल्या शेजारच्या गाठीच्या पेशी सुटतात. मग त्यांना काय देणार?”

“कार्बोप्लॅटिन. सिस्प्लॅटिनचंच भावंड, मूत्रपिंडाला सौम्य.”

“परत अंदाजानं अंगभर?”

“अंदाजानं कशाला? कॅल्व्हर्टचं सूत्र आहे, १९८९ चं. रक्तात एकूण जेवढं औषध मिळायला हवं तो आकडा, गुणिले मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग आणि पंचवीस यांची बेरीज. उत्तर मिलिग्रॅममध्ये येतं. लिहून घे, एखादं पोर विचारेल.”

तिने वही ओढली आणि पंचविसाचे एकक काय, असे विचारले.